दोरीच्या आतला खळगा

१

रक्षक धापा टाकत कॉटेजच्या पायऱ्या चढला आणि दारातूनच म्हणाला, "सर, अंडी गेली!"

आम्ही नाश्त्याला बसलो होतो. माझ्या नवऱ्याची सुरी लोण्यात तशीच रुतून राहिली. माझ्या मावशीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. ज्यांच्यासाठी ही बातमी होती ते माझे सासरे मात्र चहात चमचा फिरवत राहिले. ते चहात साखर घेत नाहीत, हे मला नंतर आठवलं.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर पक्ष्यांच्या नादी लागले. नाद असा, की पोटच्या मुलाचा वाढदिवस विसरतील, पण कुठला पक्षी कधी येतो आणि कधी जातो ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पक्षीमित्र मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. हा किनाऱ्यावरचा रक्षकही त्यांचाच जुना विद्यार्थी. आधी तो रस्ते खात्यात होता. पक्ष्यांमधलं त्याला कावळा आणि कबुतर एवढंच कळायचं, त्यामुळे नोकरी त्याची असली तरी डोकं बाबांचं चालायचं.

दोनेक आठवड्यांपूर्वी बाबा एकटेच पुढे येऊन या कॉटेजमध्ये राहिले होते. तेव्हा त्यांना वाळूत एक घरटं सापडलं. घरटं कसलं, टाचेने उकरावा तेवढा खळगा. पक्षी टिटवीच्या नात्यातला, मुठीएवढा, वाळूच्याच रंगाचा, आणि या किनाऱ्यावर कित्येक वर्षांत कोणाला न दिसलेला. मंडळाचा एक नियम आहे. भरलेलं घरटं कोणाच्याही नजरेस पडू शकतं, पण ज्याने पहिलं अंडं पाहिलं त्याच्या नावावर ते घरटं लागतं. बाबांनी पहिलं अंडं पाहिलं. फोटोही काढला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. आत कोणी पाऊल टाकू नये म्हणून त्यांनी रक्षकाकडून खळग्याभोवती दोरी बांधून घेतली. मंडळाने त्यांना डोक्यावर घेतलं. पिल्लं निघतील तेव्हा सगळी मंडळी इथे येणार होती आणि बाबांचं भाषण ठरलं होतं.

कॉटेजच्या मालकीणबाईंनी तर ते तिन्ही फोटो मोठे करून, चौकटीत बसवून जेवणाच्या टेबलासमोर टांगले होते. जेवताखाता तेच समोर, त्यामुळे मला ते पाठ झाले होते. पहिल्यात एक अंडं, भोवती शिंपल्यांचा चुरा, काठाशी एक वाकडं करडं पीस. दुसऱ्यात दोन अंडी. तिसऱ्यात तीन. बाकी सगळं तेच.

"गेली म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"खळगा साफ रिकामा आहे," रक्षक म्हणाला. "आणि दोरीच्या आत ठसे आहेत. कुत्र्याचे."

बाहेर पायरीवर मालकीणबाईंचा ढब्बू ऊन खात पडला होता.

२

त्या किनाऱ्यावर वारा कुठलीही वस्तू जागेवर राहू देत नसे. आल्या दिवशीच नवऱ्याची टोपी गेली, मग माझा टॉवेल, आणि मावशीचं वर्तमानपत्र तर पान पान करून समुद्रात गेलं. त्यामुळे दोरीच्या आतले ठसे ताजे होते यात शंका नव्हती. आदल्या दिवशीचे असते तर एव्हाना बुजले असते.

बघता बघता बरीच माणसं जमली. फिरायला आलेले जमले, शेजारच्या कॉटेजमधला तरुण कॅमेरेवाला आला, आम्ही तर होतोच. एरवी दोरीला हात लावायची कोणाची छाती नव्हती, पण आता जपायला आत काही उरलंच नाही म्हटल्यावर सगळे बिनदिक्कत आत शिरले आणि चोराचा माग काढू लागले. मीही शिरले. खळगा स्वच्छ होता. टरफल नाही, ओल नाही, काही नाही.

"तो बघा, तो बघा!" कॅमेरेवाला ओरडला.

पलीकडे, वाळू संपून गवत सुरू होतं तिथे, तो पक्षी एक पंख जमिनीवर घासत फरफटत चालला होता आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता. आम्ही दोन पावलं त्याच्याकडे टाकली की तो आणखी पुढे फरफटायचा.

"पंख मोडलाय बिचाऱ्याचा. कुत्र्यानेच धरला असणार," कॅमेरेवाला म्हणाला.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा वाळूकडे बघत होते.

"सर, पिल्लं निघायला अजून वेळ होता ना?" रक्षकाने विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "अजून दहाएक दिवस."

झालं. पिल्लं निघायला वेळ होता, अंडी नाहीत आणि आत कुत्र्याचे ठसे. निकाल लागायला आणखी काय हवं? मालकीणबाई ओल्या हातांनी धावत आल्या तेव्हा सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली.

त्यांचा संसार म्हणजे या दोन कॉटेजेस आणि हा म्हातारा कुत्रा. ढब्बूबद्दल आधी एकदा तक्रार झालेली होती. दुसऱ्या तक्रारीला कुत्रा जप्त होतो आणि कॉटेज भाड्याने द्यायचा परवानाही जातो. कायदाच तसा आहे, असं रक्षक त्यांना खाली मान घालून सांगत होता.

"संध्याकाळी कुत्रा न्यायला खात्याची गाडी येईल, ताई. सरांनी गाडीवाल्या साहेबांना एकदा तोंडी सांगितलं की माझ्या हातात काही राहत नाही."

मालकीणबाईंनी बाबांकडे पाहिलं. "सर, खरंच ढब्बूनेच केलं का हो?"

"ठसे तर त्याचेच आहेत," बाबा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बरंच वाटलं. आमच्यापैकी कोणाचं नाव आलं नाही, कुत्र्यावर निभावलं. मालकीणबाई वळून तरातरा घराकडे गेल्या. आम्ही परत निघालो तेव्हा मावशी मागे खळग्याशी उकिडवी बसली होती.

"चल गं, उठ. गुडघा दुखेल," मी म्हटलं.

"कुत्रा अंडी खातो," मावशी म्हणाली, "पण खाऊन झाल्यावर ताट घासून ठेवत नाही."

३

माझी मावशी विमा कंपनीत होती. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले दागिने, यांतलं खरं काय आणि खोटं काय हे शोधण्यात तिची सगळी नोकरी गेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला समुद्राची हवा लागावी म्हणून मी तिला आमच्याबरोबर आणली होती. हवा बाजूलाच राहिली.

"गुन्हेगार शोधू नये," ती मला म्हणाली. "लाज शोधावी. ज्याला त्याला कशाची लाज वाटतेय ते कळलं, की मग त्यातली कामाची कुठली आणि बिनकामाची कुठली ते निवडायचं."

"आणि कोणाला लाजच नसली तर?"

"तशी माणसं विमा उतरवत नाहीत."

पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा लागला. त्याचे बूट पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत ढकललेले होते आणि ओले होते. मावशीने ते काठीने बाहेर ओढले आणि व्हरांड्यात आणून ठेवले.

"जावईबापू, पहाटे कुठे गेला होतात?"

"मी? झोपलो होतो."

"बूट एकटेच गेले म्हणायचे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे, मग परत माझ्याकडे. "धक्क्यावर गेलो होतो."

"कशाला?" हे मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. सिगारेट सोडली म्हणून त्याने मला शब्द दिला होता, आणि मी ते माझ्या सगळ्या मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं. आता मावशीच्या देखत तो खिशातलं पाकीट काढून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. मला राग यायच्या आधी लाज वाटली. नवऱ्याची नव्हे, माझीच, कारण गेले दोन महिने त्याच्या शर्टाला वास येत होता आणि तो मी आला नाही असं धरून चालले होते.

"ते तुमचं तुम्ही बघा," मावशी म्हणाली. "मला एवढंच सांगा, धक्क्यावरून दोरी दिसते. कोण होतं तिथे?"

"मालकीणबाई. ढब्बू मोकळा होता. तो दोरीखालून आत गेला, खळग्याशी वास घेतला आणि बाहेर आला."

"तोंड घातलं का खळग्यात?"

"छे. नुसतं हुंगलं. क्षणभर थांबला असेल."

"मग हे सकाळी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर मी धक्क्यावर काय करत होतो ते विचारलं असतं ना," नवरा म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प झाला.

मालकीणबाईंनी तेच सांगितलं. पहाटे किनाऱ्यावर कोणी नसतं, म्हणून त्या ढब्बूला तेवढा वेळ मोकळा सोडायच्या. चूक होती, हे त्यांनाही माहीत होतं. त्या बोलत होत्या आणि हातातला कपडा पिळत होत्या, तो केव्हाचाच कोरडा झाला होता. ढब्बू मागच्या अंगणात खांबाला बांधलेला होता. आम्ही जवळ गेलो तशी त्याने मान जमिनीला टेकवली.

"म्हणजे तो गेला तेव्हाच खळगा रिकामा होता," मी मावशीला म्हटलं.

"हो. आणि त्याच्या आधी तिथे कोणीतरी होतं."

"कशावरून?"

"गवताच्या कडेला वाळूत माणसाच्या कोपरांचे खड्डे आहेत. कोणीतरी पालथं पडलं होतं."

४

कॅमेरेवाला आधी मानेनाच. त्याच्या कॉटेजभर भिंगं, तिवया आणि न धुतलेले कप पसरलेले होते. मावशी त्याच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसली आणि उठायचं नाव घेईना.

"काकू, मी दोरीच्या आत गेलोच नाही."

"दोन्ही कोपरांना वाळूचं खरचटलंय रे तुझ्या. टेबलावर बसून तर होत नाही तसं."

त्याने बाह्या खाली ओढल्या. मग धपकन पलंगावर बसला. "कोणाला सांगू नका. मंडळात मला घेणार आहेत. सर स्वतः शिफारस करणार आहेत माझी. दोरीच्या आत गेलो हे कळलं तर संपलंच."

"अंडी घेतलीस का?"

"शप्पथ नाही, काकू! मी तर खळग्यापर्यंत पोचलोही नाही. गवतातून सरपटत गेलो, चार फोटो काढले, तेवढ्यात बाईंच्या कुत्र्याचा आवाज आला आणि पळालो."

"दाखव ते चार फोटो."

फोटो सुरेख होते. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, त्यामुळे सगळं निळसर दिसत होतं. एका फोटोत तो पक्षी वाळूवरून उडत निघाला होता आणि त्याच्या चोचीत पांढरा तुकडा होता.

"शिंपला नेतोय," कॅमेरेवाला कौतुकाने म्हणाला. "खळग्याभोवती टाकायला. सरांनीच सांगितलं होतं मला, ते शिंपल्यांचा चुरा जमवतात म्हणून."

"खळगा कुठल्या बाजूला आहे?"

"इकडे. माझ्या उजव्या हाताला."

"आणि पक्षी चाललाय डावीकडे. खळग्यापासून लांब." मावशीने चष्मा पुसला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला. "मोठं कर. आणखी. आतून पांढरा आहे तुकडा, मान्य. बाहेरून ठिपके आहेत त्याला. शिंपल्याला असे असतात?"

कॅमेरेवाल्याने पडदा स्वतःकडे ओढला आणि तुकडा आणखी मोठा केला.

"आता दुसरं सांग. सकाळी पंख मोडलेला पक्षी तू पाहिलास. शेवटी काय झालं त्याचं?"

"काही नाही. आपण लांब गेलो आणि तो उडून..." तो थांबला.

"मोडक्या पंखाने उडाला?"

"ते नाटक असतं, काकू," कॅमेरेवाला हळू आवाजात म्हणाला. "मी वाचलंय. घरट्याजवळ कोणी आलं की ते जखमी असल्याचं सोंग करतात आणि त्याला लांब नेतात. पण अंडी गेलेली असताना सोंग कशासाठी करेल?"

मावशी खुर्चीतून उठली तेव्हा तिचा गुडघा कटकन वाजला. तिने माझा हात घट्ट धरला. "चल लवकर. आधी त्या रक्षकाला गाठ. दोरीच्या आतली सगळी माणसं बाहेर काढ म्हणावं, आत्ताच्या आत्ता. आणि बाहेर येताना पायाखाली बघून या म्हणावं."

५

रक्षकाने कारण विचारलं नाही, माणसं हाकलली. मावशीने व्हरांड्यात बाबांची तिवईवरची दुर्बीण गवताच्या कडेला लावली. बराच वेळ काही दिसेना. मग ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बघ."

पक्षी गवताशी शांत बसला होता. त्याच्या पोटाखालून काहीतरी बाहेर आलं, चार पावलं पळालं आणि थांबलं. थांबल्याबरोबर ते दिसेनासं झालं, इतकं ते वाळूचं होतं. कापसाच्या बोळ्याला दोन काड्या टोचाव्यात तसं. मग दुसरं बाहेर आलं.

"पिल्लं!" मी ओरडलेच.

"हळू. कोंबडीच्या पिल्लांसारखीच दिसतायत ही. अंग वाळलं की चालायला लागतात, घरट्यात थांबत नाहीत. आणि आईने टरफलं लांब नेऊन टाकली, फोटोत पाहिलंस ना. कोणी काही चोरलेलं नाही गं. घर रिकामं झालं, कारण मुलं बाहेर पडली."

"तिसरं कुठंय?"

"गवतात असेल," मावशी म्हणाली. सकाळी त्याच वाळूत आम्ही सगळे बूट घालून फिरलो होतो.

आनंदाच्या भरात मी बाबांना हाक मारायला वळले. मावशीने मला दंडाला धरून थांबवलं.

"थांब. त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, हे सगळं मला दुपारपर्यंत कळलं, पक्ष्यांतलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला. स्वच्छ खळगा, पंखाचं सोंग. सरांना बघताक्षणी कळलं असणार. मग ते दहा दिवस का म्हणाले?"

मावशी मला आत घेऊन गेली. बाबा जेवणाच्या टेबलाशी एकटेच बसले होते. मावशी त्यांच्यासमोर बसली, आणि तिने बोटाने भिंतीकडे दाखवलं.

"सर, हे तीन फोटो वेगवेगळ्या दिवशीचे ना?"

"हो. अंडी एकाआड एक दिवस घालतात ते."

"या वाऱ्यात जावयाची टोपी राहिली नाही. माझं वर्तमानपत्र राहिलं नाही. पण हे पीस बघा. पहिल्या फोटोत आहे, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यातही आहे. त्याच जागी, तसंच वाकडं. त्याची सावलीही तेवढीच." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी असे फोटो खूप पाहिलेत, सर. गोदाम भरलेलं होतं, मग अर्धं झालं, मग जळालं. सगळे एकाच दुपारी काढलेले."

बाबांनी चष्मा काढला.

"तुम्हाला घरटं सापडलं तेव्हा अंडी तीन होती. जुनी होती. म्हणून आज पिल्लं निघाली. एकच अंडं कसं दिसलं फोटोत, ते तुम्ही सांगा."

मला वाटलं ते रागावतील, इथून निघा म्हणतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"टोपीत रुमाल घातला होता मी," बाबा म्हणाले. "मऊ रुमाल. दोन अंडी त्यात ठेवली. गार पडू दिली नाहीत. लगेच परत ठेवली."

ज्या माणसाने दोरी बांधून घेतली होती, लहान मुलांनाही चार हातांवरून ओरडून मागे सारलं होतं, तो माणूस हे सांगत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागले.

"सकाळी सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "पण रक्षकाने सगळ्यांसमोर विचारलं. तोंडातून हो निघून गेलं. आणि मग ते दहा दिवस. एकदा म्हटलं की..." त्यांनी हात उघडे केले. "मंडळात कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

"बाबा, ढब्बूला नेतायत संध्याकाळी," मी म्हटलं. "बाईंची कॉटेजेस जातायत."

"मी काही बोलणार नाही, सर," मावशी म्हणाली. "गाडी आली की तुम्ही बोला. तुम्ही नाही बोललात, तर मात्र मी बोलेन."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडी सांगितल्या वेळेच्या आधीच आली होती.

६

गाडीवाला साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने टोपी काढून मालकीणबाईंना नमस्कार केला, मग रक्षकाला विचारलं, "पाहिलेलं कोण आहे?"

"सर आहेत ना," रक्षक म्हणाला.

आम्ही सगळे अंगणात होतो. नवरा, मी, मावशी, जरा लांब कॅमेरेवाला. मालकीणबाई खांबाशी उभ्या होत्या. ढब्बू त्यांच्या पायाशी नव्हता, दोरी पुरेल तितका लांब जाऊन बसला होता.

बाबा पुढे झाले. "कुत्र्याने काही केलेलं नाही," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

"पिल्लं बाहेर पडली आहेत. गवताशी आहेत. आत्ता दुर्बिणीतून पाहता येतील." त्यांचा आवाज शाळेतला झाला होता, स्वच्छ, खणखणीत. "क्वचित होतं असं. ऊन कडक असलं की अंडी लवकर फुटतात. माझ्या लक्षात यायला थोडा उशीर झाला."

"वा, सर!" रक्षकाला अगदी भरून आलं. "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर केवढा अन्याय झाला असता!"

साहेबाने हसून टोपी घातली. कॅमेरेवाल्याने टाळ्याच वाजवल्या. मी मावशीकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती. कुत्रा सुटला होता, कॉटेजेस वाचल्या होत्या, तिला जे हवं होतं ते झालं होतं. आता काही बोलायची गरज उरली नव्हती. आमच्या घराची अब्रू राहिली. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची किळसही आली.

मालकीणबाई बाबांसमोर आल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? मुक्या जनावराला वाचवलंत तुम्ही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आणि मी काय केलं बघा. तुम्ही म्हणालात म्हणजे त्यानेच केलं असणार, असं धरून मी सकाळी त्याला मारलं. काठीने मारलं हो. कधी बोट लावलं नव्हतं. तो ओरडत होता आणि मी मारत होते. एवढे शिकलेले सर खोटं कशाला बोलतील, असंच येत होतं माझ्या मनात."

बाबांचा चेहरा मी पाहिला. देव करो आणि माझ्या माणसाचा तसा चेहरा मला पुन्हा बघायला न मिळो.

"बाई," ते म्हणाले. नवरा एक पाऊल पुढे आला, पण मावशीने त्याला हाताने अडवलं.

"बाई, मी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "पिल्लं लवकर निघाली नाहीत. वेळेवरच निघाली. पहिलं अंडं मी पाहिलंच नव्हतं. घरटं सापडलं तेव्हा तीन होती. दोन उचलून बाजूला ठेवली आणि फोटो काढले. माझं नाव लागावं म्हणून." शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सकाळी खळगा बघितला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही मला विचारलंत, खरंच ढब्बूनेच केलं का. तेव्हाही मला माहीत होतं."

साहेबाने गाडीचं दार उघडलं आणि न वाजवता लावून घेतलं. रक्षक बाबांकडे बघत होता. "सर" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मालकीणबाई ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या बाबांच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहिल्या. मग वळल्या, खांबाशी गेल्या आणि खाली बसून दोरीची गाठ सोडायला लागल्या. गाठ आवळून बसली होती म्हणून वेळ लागला. गाठ सुटली.

"चल रे," त्या म्हणाल्या. "चल माझ्या राजा."

त्यांनी डोक्यावरून फिरवायला हात उचलला. ढब्बूने अंग चोरलं, डोळे गच्च मिटले आणि तो भिंतीला जाऊन चिकटला.

मालकीणबाईंनी हात तसाच ठेवला, पुढे, उघडा. आम्ही सगळे उभे होतो, बाबा सगळ्यांच्या पुढे. ढब्बू मोकळा होता, पण जागचा हलला नाही.